डोक्यांची वही

तसं नाही रे. आधी कपाळ.
भुवयांच्या बोटभर वर टेकव,
मग दोन्ही हातांनी मागे ओढ, मानेच्या खळगीपर्यंत.
माकडटोपीसारखी वरून दाबू नकोस,
चामडं माझ्याहून म्हातारं आहे.

निहार नाव त्याचं. एकांकिकेत वैमानिक झालाय,
तिसऱ्या प्रवेशात मरतो म्हणाला,
दोन दिवस भाड्याने हवी.
हनुवटीचा पट्टा त्याने लोंबता सोडला होता.
फोटोत असाच असतो, म्हणे.
फोटो जमिनीवर काढतात, मी म्हटलं.

सेंटर स्ट्रीटच्या या दुकानात आता मी बॅगांना चेनी बसवते.
अप्पा जीनगर. रेसकोर्सच्या घोड्यांचे लगाम शिवायचे.
मग एक दिवस लोहगावहून सायकलवर शिपाई आला,
पोत्यात डोकी घेऊन.
अप्पांना त्यात नवल वाटलं नाही.
वादी तीच, बक्कल तेच, मेण लावलेलं सूत तेच.
घोड्याच्या तोंडात लोखंड जातं,
इथे नाकावर रबर येतं, एवढाच फरक.
गॉगलला ते शेवटपर्यंत ढापणं म्हणाले.

ढापणांचा पट्टा टोपीच्या वरून जातो, आतून नाही.
मागे ही चामड्याची जीभ आहे,
तिच्याखालून घाल आणि टिचबटण लाव.
टिच् ऐकू आलं पाहिजे.
नाही आलं तर वारा आधी पट्टा नेतो, मग नजर.
मास्कची एक बाजू या गालावर, बटणांनी, कायमची.
दुसरी त्या गालावर, आकड्यात.
आकडा हातमोजा घालूनसुद्धा एका झटक्यात सुटायला हवा,
म्हणून अप्पा तो दहा वेळा अडकवून
दहा वेळा सोडवून बघायचे, तोंडाने मोजत.

आणि प्रत्येक टोपी शिवून झाली की
स्वतः घालायचे. पट्टा आवळायचे, डोळे मिटायचे.
आई आतून हाक मारायची, चहा गार होतोय.
ऐकू आली तर शिवण चुकली.
पुन्हा उसवायची.
विमानात ते कधी बसले नाहीत. एसटीतही त्यांना मळमळायचं.

वहीत नावं नाहीत. साहेबांची नावं लिहायची कशी,
हे अप्पांना कळायचं नाही, म्हणून डोकी लिहिली:
साडेबावीस, कपाळ रुंद.
बावीस, उजव्या कानामागे गाठ, अस्तर मऊ घालणे.
तेवीस, घाम फार, उन्हाळ्याला खाकी सुती द्यावी.
आणि ही, जी तुझ्या डोक्यावर आहे:
पावणेतेवीस, डावा कान दोन सूत खाली.

दोन सूत म्हणजे किती असतं?
ज्वारीचा एक दाणा, फार तर दीड.
त्यासाठी डावी वाटी पूर्ण काढून
त्यांनी खाली घेऊन शिवली. रात्र गेली.
न्यायला कोणी आलं नाही.
बदली झाली असेल, अप्पा म्हणायचे,
त्यांच्या बदल्या फार होतात.
खंडेनवमीला आरी-रापीशेजारी तीही मांडायचे,
तेल लावून, पट्टा आवळून.

मला डावीकडून ऐकू येतंय, निहार ओरडला.
कानावर चामडं आलं की माणसं ओरडतातच.
येणारच, मी म्हटलं.
शिवून वर घ्या ना, दोन टाके फक्त.

दोन टाकेच होते. आरी हातात होती.
बाहेर रिक्षा उभी होती, फटफटत,
आणि ती त्याला एकाच कानाने ऐकू येत होती.

लोकांना काय कळतंय, मी म्हटलं.
एका कानाने ऐकत मर.

डिपॉझिट घेतलं. वही काढली,
कोरं पान सापडायला वेळ लागला नाही.
टेप त्याच्या डोक्याभोवती फिरवली, तो हसला, गुदगुल्या होतात म्हणाला.
लिहिलं:
बावीस. दोन्ही कान सारखे.
सोमवारी परत.